सव्वादोन वर्षे आणि चार पाळ्या

प्रकरण गोव्यातल्या पेडणे तालुक्यातल्या एका जोडप्याचे आहे. दोघांची संमती घेतली आहे, आणि ओळख पटू नये म्हणून गाव, नोकरीचे तपशील आणि काही तारखा बदलल्या आहेत. ती 29 वर्षांची, एका पतसंस्थेत कामाला. तो 33 वर्षांचा, क्रूझ बोटीवर स्वयंपाकघरात. लग्न मे 2022 मध्ये झाले. 2024 ची चवथ (गणेशचतुर्थी) आटोपल्यावर, सप्टेंबरच्या मध्याला, दोघे सासूबाईंसह माझ्याकडे आली. फाइल जाडजूड होती आणि पहिल्याच पानावर मागच्या दवाखान्याने लिहिले होते: प्राथमिक वंध्यत्व, कालावधी 2 वर्षे 4 महिने.

घरच्यांचा विचार पक्का झालेला होता. गोमेकॉत, म्हणजे बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, 2023 पासून आयव्हीएफची (शरीराबाहेर गर्भ तयार करून गर्भाशयात सोडण्याची) सोय मोफत सुरू झाली आहे हे त्यांनी पेपरात वाचले होते. 'बांबोळीला फुकट होते तर चिठ्ठी द्या, वेळ कशाला घालवायचा,' एवढेच त्यांचे मागणे होते. मागणे चुकीचे नव्हते. सरकारी इस्पितळात ही सोय आली ही गोव्यातल्या मध्यमवर्गासाठी फार मोठी गोष्ट आहे, कारण खासगीत एका फेरीला लाखाच्या वर खर्च येतो. पण चिठ्ठी लिहिण्याआधी मी एक साधा प्रश्न विचारला: लग्न झाल्यापासून नवरा घरी किती दिवस होता?

कोणालाच पटकन सांगता येईना. शेवटी त्यानेच बॅगेतून नाविकाचे नोंदपुस्तक काढले. बोटीवर कधी चढला, कधी उतरला, सगळ्याचे शिक्के त्यात. त्यावरून आम्ही कागदावर मांडणी केली. लग्नानंतरचे दोन महिने तो घरी होता, पण तेव्हा तिची खात्याची परीक्षा होती, म्हणून दोघांनी निरोध वापरला होता. मग आठ महिने बोट. मार्च ते मे 2023 घरी. परत आठ महिने बोट. जानेवारी ते मार्च 2024 घरी. त्यानंतर बोट, ती थेट ऑगस्टअखेरपर्यंत. तिची पाळी 34 दिवसांनी येते. म्हणजे मूल हवे म्हणून दोघे एकत्र असताना तिच्या जेमतेम चार पाळ्या झाल्या होत्या.

इथेच निदानाचा पाया हलतो. वंध्यत्वाची व्याख्या वर्षभर नियमित, निरोधाशिवाय संबंध येऊनही गर्भ न राहणे अशी आहे. बाई पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांनीच तपासण्या सुरू करतात. लग्नाला किती वर्षे झाली याला त्या व्याख्येत काही स्थान नाही. तरुण, निरोगी जोडप्यातही एका पाळीत दिवस जाण्याची शक्यता साधारण 20 ते 25 टक्केच असते. ढोबळ हिशेब केला तर सगळे काही ठीक असलेल्या शंभर जोडप्यांपैकी चाळीसएक जोडप्यांना चार पाळ्यांत काहीच हाती लागणार नाही. वर्षभरात मात्र शंभरातल्या ऐंशीहून अधिक जोडप्यांना दिवस जातात, आणि उरलेल्यांतल्या निम्म्यांना पुढच्या वर्षी.

गोव्यात हा घोळ वारंवार दिसतो. बोटीवरचे, आखातातले, नाइट शिफ्टवाले, लंडनला गेलेले. गावात मोजले जाते ते लग्नपत्रिकेवरच्या तारखेपासून. चवथीला माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची मांडणी) बांधताना, गणपतीपुढे बसल्यावर, देवळात गाऱ्हाणे घालताना सगळे विचारतात ते सुनेलाच, कारण नवरा तिथे हजर नसतो. या बाईने दोन वर्षांत तीन देवस्थानांत नारळ ठेवले होते, एका ठिकाणी कौलही लावून झाला होता. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. माझी तक्रार फाइलबद्दल आहे.

फाइलमध्ये काय होते

तिच्या नावावर चौदा रिपोर्ट, त्याच्या नावावर एकही नाही.

पहिला महत्त्वाचा कागद सप्टेंबर 2023 चा: पाळीच्या एकविसाव्या दिवशीचे प्रोजेस्टेरॉन (अंडे फुटल्यावर वाढणारे संप्रेरक), 0.9. शेजारी लाल पेनाने शेरा, 'अंडे तयार होत नाही'. पुढच्या पानावर एएमएच (अंडाशयातल्या साठ्याचा अंदाज देणारे संप्रेरक) जरा वाढलेले, म्हणून 'पीसीओएस?', म्हणजे अंडाशयांचा एक संप्रेरकविकार असल्याची शंका. त्याच्या पुढच्या पानावर अंडे तयार होण्याच्या गोळ्या, तीन महिने. ऑक्टोबर, नोव्हेंबर आणि डिसेंबर 2023. या तिन्ही महिन्यांत तिचा नवरा कॅरिबियन समुद्रात होता.

मी तिला विचारले, तिथे हे सांगितले नाही का? ती म्हणाली, 'मॅडम, त्यांनी विचारलेच नाही. आणि सासूबाई बरोबर होत्या. मला वाटले, औषध आधीपासून घेऊन ठेवायचे असेल.' गोळ्यांनी त्या महिन्यात अंडे फुटते, ते साठून राहत नाही, हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिचा तर्क चुकला असेल, पण तो विचार करून केलेला होता.

आता त्या 0.9 कडे येऊ, कारण सगळी गाडी त्या आकड्यावरून घसरली होती. अंडे फुटल्यानंतर अंडाशयात मागे राहिलेली पुटी प्रोजेस्टेरॉन बनवू लागते आणि सुमारे आठवड्याने त्याची पातळी सर्वांत वर जाते. अंडे फुटणे आणि पुढची पाळी यांच्यातले अंतर बहुतेक बायकांत 12 ते 14 दिवसांचे, फारसे न बदलणारे असते. बदलतो तो पाळीपासून अंडे फुटेपर्यंतचा काळ. जपानमध्ये ओगिनो आणि ऑस्ट्रियात क्नाउस यांनी 1920 च्या दशकातच हे दाखवून दिले होते की मोजायचे ते पुढच्या पाळीपासून मागे. म्हणजे 28 दिवसांची पाळी असेल तर चौदावा दिवस बरोबर, आणि तपासणीला एकविसावा दिवसही बरोबर. 34 दिवसांची असेल तर अंडे विसाव्या दिवसाच्या आसपास फुटणार. एकविसाव्या दिवशी रक्त काढले तर प्रोजेस्टेरॉन वर चढायला अजून सुरुवातच झालेली असते. ते कमी येणारच. ही तपासणी तिच्यासाठी सत्ताविसाव्या दिवशी करायला हवी होती.

सासूबाईंनी इथे मला अडवले. बाई चौथी शिकलेल्या, पण प्रश्न नेमका होता. 'म्हणजे एवढे पैसे मोजून आणलेला कागद खोटा काय?' कागद खरा होता. दिवस चुकला होता.

एएमएचबद्दलही एक वाक्य बोलायला हवे, कारण ही तपासणी आता पॅकेजमध्येच येते. अंडाशयात साधारण किती साठा आहे आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांना प्रतिसाद कसा येईल, याचा अंदाज त्यावरून करतात. नैसर्गिकरीत्या दिवस जातील की नाही, हे त्यावरून सांगता येत नाही. पीसीओएस म्हणायला पाळी अनियमित असणे, पुरुषी संप्रेरके वाढलेली असणे आणि सोनोग्राफीत अंडाशयांचे विशिष्ट रूप दिसणे, या तिन्हींपैकी किमान दोन गोष्टी लागतात. हिच्यात पाळी नियमित, चेहऱ्यावर लव नाही, मुरुमे नाहीत. थायरॉइडही ठीक होते. एवढे सगळे त्याच फाइलमध्ये पडून होते.

चौदावा दिवस

आता चार पाळ्यांत नेमके काय केले, ते विचारायचे होते. हा भाग सासूबाईंना बाहेर बसवूनच बोलावा लागतो. त्या बसल्याही, फारशी कुरकूर न करता.

दोघांना कोणीतरी सांगितले होते की चौदावा दिवस महत्त्वाचा. मोबाइलवरचे अॅपही तिने पाळीची लांबी न भरताच सुरू केले होते, त्यामुळे ते 28 दिवस धरूनच चालत होते. शिवाय त्याच्या बोटीवरच्या मित्रांचा सल्ला असा की बाकीचे दिवस राखून ठेवावे, म्हणजे 'माल घट्ट होतो'. म्हणून बाराव्या, तेराव्या आणि चौदाव्या दिवशी संबंध, आणि मग पूर्ण बंद. नंतर धक्का बसू नये म्हणून ती खाली चटईवर झोपायची. दोन महिन्यांसाठी घरी आलेला नवरा, आणि पंचांग बघून आखलेले तीन दिवस.

अंडे फुटल्यावर 12 ते 24 तासच तग धरते. शुक्राणू मात्र बाईच्या शरीरात तीन ते पाच दिवस जगू शकतात. म्हणून दिवस राहण्याचा काळ म्हणजे अंडे फुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनातल्या 221 बायकांच्या अभ्यासात ज्या गर्भधारणांचा दिवस ठरवता आला, त्या सगळ्या या सहा दिवसांतल्या संबंधांतून झालेल्या आढळल्या. नंतरच्या दिवसांतून एकही नाही. दिवसातून एकदाच कदंब बस येणाऱ्या गावात जसे आधीपासून थांब्यावर उभे राहावे लागते, तसे शुक्राणू आधीच पोहोचलेले हवेत. तिच्या बाबतीत हे सहा दिवस म्हणजे पंधरावा ते विसावा. यांचे प्रयत्न चौदाव्याला संपत होते. चार पाळ्याही मी मोठ्या मनाने धरल्या म्हणायच्या.

आणखी एक गोष्ट सहज बोलता बोलता निघाली. तिला दर महिन्याला मध्ये तीन-चार दिवस अंगावरून 'पांढरे जायचे', म्हणून ती फार्मसीतून गोळ्या आणून खायची. कसे असते, विचारले. पाण्यासारखे स्वच्छ, बोटांत धरले तर तार निघते. वास नाही, खाज नाही. कितव्या दिवशी? तिने अॅप उघडून पाहिले. तिथे तिने प्रामाणिकपणे नोंदी केल्या होत्या: सतरा, अठरा, एकोणीस. हा आजार नव्हता. अंडे फुटायच्या आधी गर्भाशयाच्या मुखाशी येणारा हा स्राव शुक्राणूंना वर जायला वाट करून देतो. शरीर दर महिन्याला खरी तारीख सांगत होते आणि ती त्यावर औषध घेत होती.

माल घट्ट होण्याबद्दल: बरेच दिवस थांबल्याने संख्या वाढते खरी, पण त्यात जुने, मंद झालेले शुक्राणू जास्त असतात. दर दोन-तीन दिवसांनी संबंध आला की पुरते. खाली झोपण्याने, पाय वर करून ठेवण्याने किंवा उशी घेण्याने काही फरक पडतो असे दिसलेले नाही.

त्याची तपासणी

हा माणूस भांडखोर नव्हता, पण वीर्यतपासणीचे नाव काढताच त्याचा चेहरा बदलला. 'मॅडम, दर काँट्रॅक्टला माझे पूर्ण मेडिकल होते. फिट असल्याशिवाय बोटीवर घेत नाहीत.' त्याचे म्हणणे खरे होते, फक्त त्या मेडिकलमध्ये छातीचा एक्स-रे, रक्त, लघवी, डोळे आणि कान तपासतात. वीर्य कोणी तपासत नाही. मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांत पुरुषाकडचे कारण एकट्याने किंवा जोडीला सापडते. सगळ्यांत स्वस्त, न टोचता, अर्ध्या तासात होणारी तपासणी सगळ्यांत शेवटी होते, हे मला कधीच पटलेले नाही. बाईला बीजवाहक नळ्यांच्या एक्स-रेसाठी टेबलावर झोपवायच्या आधी नवऱ्याने डबी भरून द्यावी, एवढा माझा हट्ट असतो.

नमुना घरी घेतला तर तासाच्या आत लॅबमध्ये पोहोचायला हवा आणि वाटेत गार पडता कामा नये. म्हापशापर्यंत डबी शर्टाच्या आत छातीशी धरून तो मोटरसायकलवर मागे बसून गेला. चालवायला मित्राला घेतले आणि त्याला सांगितले की रक्ताचा रिपोर्ट द्यायचा आहे.

रिपोर्ट चांगला आला नाही. एका मिलिलिटरमध्ये 1 कोटी 10 लाख शुक्राणू, नीट पुढे जाणारे 22 टक्के. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेनुसार खालची मर्यादा 1 कोटी 60 लाख आणि 30 टक्के. आता घरात वारे उलटे वाहू लागले. दोन वर्षे सुनेकडे बोट होते, ते मुलाकडे वळले, आणि तो दोन दिवस कोणाशी बोलला नाही. मला यात न्याय वगैरे काही दिसत नाही. दोष इकडून तिकडे सरकला, एवढेच झाले.

एका रिपोर्टवर निकाल द्यायचा नसतो. ही मर्यादा वर्षभरात मूल झालेल्या पुरुषांपैकी सर्वांत खालच्या 5 टक्क्यांच्या पातळीवर आखलेली रेषा आहे. तिच्या खाली असलेल्यांनाही मुले होतात. शिवाय शुक्राणू तयार व्हायला सुमारे 74 दिवस लागतात आणि बाहेर येण्याच्या वाटेवर आणखी थोडे. म्हणजे आजचा नमुना अडीच-तीन महिन्यांपूर्वीची कहाणी सांगतो. खोदून विचारल्यावर कळले, जुलैअखेर बोटीवर त्याला आठवडाभर 103 पर्यंत ताप होता. वृषणे शरीराच्या बाहेर असतात ती त्यांना दोन-चार अंश कमी तापमान लागते म्हणूनच, आणि कडक तापाने काही आठवडे उत्पादन पडते. तपासून पाहिले तर वृषणांच्या शिरा फुगलेल्या नव्हत्या. लहानपणी गालगुंड झाले होते, पण वयात येण्याआधी, म्हणून त्याने वृषणांना इजा झाली असण्याची शक्यता कमी. बोटीवरच्या जिममध्ये कसली इंजेक्शने घेतोस का, हेही विचारले, कारण टेस्टोस्टेरॉन बाहेरून घेतले की शुक्राणू बनणे बंद पडू शकते. ते नव्हते. सिगारेट होती, दिवसाला आठ-दहा. ती सोडायला सांगितली. बारा आठवड्यांनी पुन्हा तपासू म्हटले.

बारा आठवडे म्हणजे डिसेंबर, आणि त्याला ऑक्टोबरअखेर बोट धरायची होती. बोटवाल्यांना घरी असताना पगार नसतो. घराचे कर्ज चालू होते. तारीख जानेवारीपर्यंत पुढे ढकलायचा निर्णय त्या दोघांनी घेतला आणि हप्त्यांसाठी तिने आपले सोने तिच्याच पतसंस्थेत ठेवले. या प्रकरणात मला सर्वांत मोठा उपचार कोणता वाटतो असे विचारले, तर मी हेच सांगेन.

पुढे काय झाले

मी दिले ते फारच थोडे. रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड, हिमोग्लोबिन 10.4 होते म्हणून लोह, आणि पंधराव्या दिवसापासून एक दिवसाआड संबंध. तिला खात्री हवी होती म्हणून लघवीवर एलएच (अंडे फुटण्याआधी एकदम वाढणारे संप्रेरक) तपासायच्या पट्ट्या. दुसरी रेघ गडद झाली की दिवस-दीड दिवसात अंडे फुटते. पहिल्याच महिन्यात ती एकोणिसाव्या दिवशी गडद झाली. सत्ताविसाव्या दिवशीचे प्रोजेस्टेरॉन 11.4 आले. 3 च्या वर असले की अंडे फुटले असे धरतात.

डिसेंबरमधला त्याचा दुसरा रिपोर्ट: 4 कोटी 20 लाख आणि 45 टक्के. त्याच पाळीत, तिसऱ्या खऱ्या प्रयत्नाला, तिला दिवस गेले. आणि सहा आठवडे पूर्ण व्हायच्या आत पडले.

घरात लगेच कारण शोधले गेले: ती स्कूटरने कामाला गेली होती. लवकर पडणाऱ्या गर्भांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत मुळातच गुणसूत्रांची गडबड असते. स्कूटर, कामाचा ताण, पपई, जिना, यांचा संबंध नसतो. ओळखल्या गेलेल्या गर्भधारणांपैकी साधारण 15 टक्के अशा संपतात. हे मी सासूबाईंना वेगळे बसवून सांगितले. त्यांनी ऐकून घेतले आणि स्वतःच्या दुसऱ्या बाळंतपणाआधीच्या एका 'उशिरा आलेल्या पाळी'बद्दल सांगितले, जे त्यांनी सुनेला कधी सांगितले नव्हते. सांगा म्हटले.

जानेवारीत तो निघण्याआधी एक पर्याय मांडला: वीर्य गोठवून ठेवायचे आणि तो नसताना ते गर्भाशयात सोडून प्रयत्न चालू ठेवायचे. कृत्रिम प्रजननाबाबतच्या 2021 च्या कायद्यानुसार नोंदणी असलेल्या केंद्रातच, दोघांच्या लेखी संमतीने हे करता येते. गोठवताना-वितळवताना काही शुक्राणू मरतात, तरी उरलेले चालतात. तिने नाही म्हटले. 'तो नसताना दिवस गेले तर लोक काय बोलतील ते तुम्हाला ठाऊक आहे.' माझा कल दुसरीकडे होता, पण वय 29, अंडी वेळेवर, एकदा गर्भ राहून गेलेला. थांबण्यात फारसे गमावत नव्हतो. ती 36 ची असती तर मी इतक्या सहज मान डोलावली नसती.

तो 2025 च्या ऑगस्टमध्ये, चवथीच्या आधी परतला. सप्टेंबरच्या पाळीनंतर तिला पुन्हा दिवस गेले. ऑक्टोबरअखेरच्या सोनोग्राफीत ठोके दिसले. नळ्यांचा एक्स-रे शेवटपर्यंत करावाच लागला नाही, आणि बांबोळीची चिठ्ठी कोरीच राहिली. ती जागा ज्यांना खरेच लागते त्यांच्यासाठी आहे, आणि अशी जोडपीही माझ्याकडे येतात: दोन्ही नळ्या बंद असलेली, शुक्राणू शून्य असलेली. त्यांना चार महिने दिवस मोजायला लावणे हाही तितकाच मोठा अन्याय होईल.

ती आता पाचव्या महिन्यात आहे, आरोग्य केंद्रात नाव घातले आहे, विसाव्या आठवड्याची सोनोग्राफी ठीक आली. तो नोव्हेंबरमध्ये बोटीवर गेला. तारीख जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली असल्याने मेअखेर उतरवा म्हणून त्याने एजंटाकडे अर्ज दिला आहे. एजंटाने अजून हो म्हटलेले नाही.